आधी नकाशा सजवायचा की खेळ जुळवायचा? स्ट्रॅटेजी गेम बनवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या तालुक्याच्या गावात बसून, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आणि घरातल्याच अँड्रॉइड फोनवर तपासून स्ट्रॅटेजी गेम बनवणाऱ्यांसाठी हे पान आहे. उदाहरण सगळीकडे एकच धरलं आहे: इंग्रज आणि मराठ्यांमधली १८०३ ची वऱ्हाडातली मोहीम, षटकोनी टाइलचा (नकाशाच्या तुकड्यांचा), टर्नवर म्हणजे पाळीपाळीने चालणारा टू-डी गेम. २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगडचा किल्ला पडला. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आतच. पण तेवढ्यात पूर्णाकाठची सपाट काळी जमीनही येते आणि मेळघाटचा डोंगरही. नकाशाच्या बहुतेक अडचणी या एका तुकड्यात भेटतात.

मुळात आधी काय, ग्राफिक्स की गेमप्ले?

नकाशावरच्या प्रत्येक गोष्टीबद्दल एकच विचारा: ही दिसली नाही तर खेळणाऱ्याची चाल चुकेल का? चुकणार असेल तर ती गोष्ट गेमप्लेत मोडते, मग तो रंग असो की साधी रेघ, आणि ती पहिल्या आठवड्यात हवी. नदी षटकोनाच्या कुठल्या बाजूला आहे, घाट तोफेला चढता येतो का, झाडीपलीकडचा शत्रू दिसतो का, हे सगळं त्यात आलं. पाण्यावरच्या लाटा, ढगांच्या सावल्या, देवळाच्या कळसाची चकाकी यांनी चाल बदलत नाही. ते शेवटी.

हा क्रम वाया जाणाऱ्या कामामुळे ठरतो. नियम बदलला तर आकड्यांच्या फाईलमधली एक ओळ बदलते. षटकोनाचा आकार बदलला तर काढलेली एकूण एक टाइल बाद होते. सुरुवातीच्या महिन्यांत आकार, अंतरं, भूभागांची संख्या सतत हलत असते. तेव्हा रंगवलेला डोंगर वाया जातो हे एक. त्याहून वाईट हे की तो टाकवत नाही, आणि चित्र वाचवण्यासाठी माणसं चुकीचा नियम तसाच ठेवतात. गेम बिघडतो तो तिथे.

कच्चा नकाशा म्हणजे किती कच्चा?

कागदापासून सुरुवात करा. ए-थ्री कागदावर, समोरासमोरच्या बाजूंमध्ये अडीच सेंटिमीटर अंतर असलेले षटकोन छापले तर दोनशेच्या आसपास बसतात. एका सैन्याला चिंचोके, दुसऱ्याला तुरीचे दाणे. दोघांनी खेळायचं, तिसऱ्याने लिहून घ्यायचं: पहिली गाठ कितव्या टर्नला पडली, कुठला षटकोन दोघांनाही हवा होता, कुठल्या टर्नला एखाद्याला करण्यासारखं काही उरलंच नाही. दहा टर्न झाले तरी सैन्यं भिडत नसतील तर नकाशा मोठा आहे किंवा युनिटची (सैन्याच्या तुकडीची) चाल कमी आहे. एकाही षटकोनासाठी ओढाताण होत नसेल तर नकाशात मोक्याची जागाच नाही. ही उणीव कितीही सुंदर चित्राने भरून निघत नाही.

मग कॉम्प्युटरवर या. प्रत्येक भूभागाला एक सपाट रंग आणि मधोमध एक अक्षर, बस. हा नकाशा टीमबाहेरच्या माणसाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळायला द्या आणि मधे तोंड उघडू नका. तो जे जे विचारेल ते टिपून ठेवा. ‘इथून जाता येतं का?’ हे दोन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं की समजा, ती माहिती नकाशावर दिसत नाही. पुढे चित्रकाराने काय काढायचं याची खरी यादी इथून मिळते.

षटकोन केवढा ठेवायचा?

फोनवरून उलटं मोजा. ६.५ इंची, ७२० बाय १६०० पिक्सेलचा स्वस्त फोन आडवा धरला तर दर इंचाला साधारण २७० पिक्सेल पडतात. वर-खाली सपाट बाजू असलेला षटकोन १२८ पिक्सेल रुंद घेतला तर गणिताने त्याची उंची ११०.८५ येते. हा अपूर्णांक तसाच ठेवला की ओळींमध्ये केसाएवढ्या फटी दिसतात आणि झूम करताना त्या लुकलुकतात. उंची सरळ ११२ धरा. आकार किंचित ताणला जातो, डोळ्याला कळत नाही.

शेजारच्या दोन स्तंभांमधलं अंतर रुंदीच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ९६ पिक्सेल. म्हणून पडद्यावर सोळा स्तंभ आणि सहा ओळी मावतात. ११२ पिक्सेल म्हणजे साधारण साडेदहा मिलिमीटर, बोटाला पुरेसे. अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी (पडद्याच्या घनतेनुसार पिक्सेलमध्ये बदलणारं माप) असावी, या फोनवर ते ८१ पिक्सेलच्या आसपास जातं. झूम निम्मा केला की षटकोन ५६ पिक्सेलचा होतो आणि बोट शेजारच्या षटकोनावर पडतं. त्यामुळे दूरच्या झूमवर फक्त पाहणं आणि युनिट निवडणं ठेवा, हुकूम जवळच्या झूमवरच घ्या. किंवा पहिल्या टॅपला वाट दाखवा, दुसऱ्या टॅपला चाल पक्की करा. षटकोनच मोठा करायचा मोह टाळा. पडद्यावर चारच ओळी उरल्या तर डावपेच आखायला दिसणार काय?

गोडो हे गेम इंजिन वापरत असाल तर ४.३ आवृत्तीपासून टाइलमॅपलेयर हा नोड (इंजिनातला तयार घटक) आला आहे. जुन्या शिकवणीतला एकत्र टाइलमॅप नोड आता बाजूला पडला आहे, नवीन काम त्यात सुरू करू नका.

भूभागाचे प्रकार किती असावेत?

सहा-सात. त्याहून जास्त असले की खेळणारा लक्षात ठेवत नाही, दरवेळी दाबून बघत बसतो.

प्रकार वेगळा ठरतो तो नियमाने. पऱ्हाटीचं वावर आणि तुरीचं वावर यांतून चालायला सारखाच वेळ लागत असेल आणि दोन्हीतून सारखंच दिसत असेल तर गेमसाठी तो एकच प्रकार. चित्रं दोन काढा, नियम एक. उभी ज्वारी मात्र वेगळी: पुरुषभर उंच पिकातून चालता येतं, पण पलीकडचं दिसत नाही. झुडपी जंगल त्याच्या उलट, चाल मंदावते पण नजर फारशी अडत नाही. पांदण चाल वाढवते. घाट वेगळा, गाव वेगळं. असे फरक पडले की खेळणारा ज्वारीत दबा धरायचा विचार स्वतःहून करतो.

चालीचा खर्च पूर्णांकात ठेवा: पांदण १, वावर २, ज्वारी २, झुडपी जंगल ३, दाट जंगल ४, घाट ६. ०.१, १.३ असे दशांश आले की बेरजेत बारीक चुका साचतात आणि कधीतरी युनिट एक षटकोन आधीच थांबतं. दशांशात मांडलेला ०.१ कॉम्प्युटर तंतोतंत साठवत नाही, हे त्यामागचं कारण. पावसाळी काळी जमीन दाखवायची असेल तर बैलगाड्या आणि तोफांसाठी वावराचा खर्च २ वरून ५ करा, पायदळासाठी ३. यासाठी नव्या टाइल काढू नका, त्याच टाइलवर गडद छटेचा एक थर टाका. नाहीतर दर ऋतूला सगळा टाइलसंच पुन्हा काढावा लागेल.

नदी टाइलच्या आत काढायची की कडेवर?

कडेवर. नदी आत असली की ‘मी अलीकडे आहे की पलीकडे’ हा वाद सुटत नाही. कडेवर असली की ओलांडण्याचा खर्च स्पष्ट असतो: त्या कडेवरून जाताना अधिक ४, आणि ओलांडून हल्ला केला तर जोर कमी.

साठवताना प्रत्येक षटकोनाच्या सहाही कडा लिहू नका. तीनच लिहा, उरलेल्या तीन शेजाऱ्यांच्या नावावर असतात. सहा लिहिल्या तर एकच कड दोन ठिकाणी नोंदली जाते आणि एका बाजूने नदी असते, दुसऱ्या बाजूने नसते. ‘इकडून जाता येतं, परत येता येत नाही’ अशी तक्रार आली तर सर्वांत आधी हेच तपासा.

आता ग्राफिक्सशी खरी झटापट. कडेवरची नदी करवतीच्या दातांसारखी दिसते. चित्रकार ती वळणदार करतो, पूर्णा अगदी पूर्णेसारखी दिसायला लागते, आणि एखादं वळण शेजारच्या षटकोनाच्या मध्यापर्यंत जातं. तिथे खेळणारा फसतो. आमचा मापदंड असा: वळण कडेपासून षटकोनाच्या रुंदीच्या एक अष्टमांशापेक्षा, म्हणजे १६ पिक्सेलपेक्षा दूर जाता कामा नये. तेवढ्यात पुरेशी नागमोडी नदी काढता येते. नदी पायी ओलांडायचा उतार आणि पूल मात्र बरोबर कडेच्या मधोमध, तिथे सूट नाही.

खऱ्या उंचीवरून विदर्भाचा नकाशा कसा काढायचा?

एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार-मोजणीतली उंचीची माहिती मोफत मिळते, साधारण ३० मीटरला एक बिंदू या बारकाईने. ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पहिलं काम प्रोजेक्शनचं: अंशांमधली माहिती मीटरमध्ये आणा. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनचे उभे पट्टे असतात, आणि त्यातल्या दोन पट्ट्यांची सीमा ७८ अंश रेखांशावर आहे, म्हणजे ती विदर्भाच्या मधूनच जाते. अकोला, आडगाव, गाविलगड, अमरावती ४३ उत्तर पट्ट्यात येतात (सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३). वर्धा, नागपूर, भंडारा, गडचिरोली ४४ उत्तरमध्ये (ईपीएसजी ३२६४४). ही पायरी गाळून अंशांमध्येच षटकोन पाडले तर ते आडवे दबतात, कारण २१ अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा सहा-सात टक्क्यांनी लहान असतो.

मग ग्रिड तयार करायच्या साधनाने दोन किलोमीटरचे षटकोन पाडा. ८० बाय ६० किलोमीटरचा तुकडा घेतला तर बाराशेच्या वर षटकोन होतात, कडेचे छाटून ४० बाय ३० चा नकाशा धरा. झोनल स्टॅटिस्टिक्सने प्रत्येक षटकोनातली किमान, कमाल आणि सरासरी उंची काढा.

इथे बहुतेक जण सरासरी उंचीवरून डोंगर ठरवतात आणि नकाशा फसतो. चिखलदऱ्याचं पठार अकराशे मीटरच्या आसपास आहे, पण पठारावर चालता येतं. अडवतो तो कडा. म्हणून कमाल वजा किमान हा फरक बघा. दोन किलोमीटरच्या षटकोनात फरक दीडशे मीटरच्या आत असेल तर साधी जमीन, दीडशे ते तीनशे असेल तर चढ, त्यापुढे घाट. हे आकडे सुरुवातीला धरायचे, पुढे खेळून हलवायचे. रंग सरासरी उंचीवरून द्या, नियम फरकावरून द्या. मग पठार उंच दिसतं आणि चालण्याजोगंही राहतं.

जुन्या काळाचा गेम असेल तर आजच्या नकाशातली धरणांचं पाणी, रेल्वे आणि डांबरी रस्ते काढून टाका. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव आणि बोड्या (लहान तळी) मात्र बघूनच काढून टाका, त्यातले पुष्कळ जुने आहेत.

आणि खरा भूगोल जिथे खेळाच्या आड येतो तिथे खेळाला मोकळीक द्या. मेळघाटातली प्रत्येक दरी जशीच्या तशी आली तर सैन्याला वर जायला एकच वाट उरते आणि सामना एका षटकोनावर अडकून बसतो. तिथे एखादी दुसरी वाट उघडी ठेवा.

तोफा घाटावर न्यायच्या आहेत. हे नियमात दाखवू की चित्रात?

दोन्हीकडे, पण नियम आधी. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हनसनच्या तुकडीने जड तोफा डोंगरातून, स्वतः रस्ता तयार करत आणि माणसांनी ओढत गाविलगडाच्या उत्तरेला नेल्या. ७ तारखेला निघून १२ ला ती तिथे पोचली. मोहिमेतली ही सर्वांत कठीण गोष्ट, तेव्हा गेममध्येही ती कठीणच वाटली पाहिजे. घाटाचा षटकोन तोफेला बंद ठेवा. पायदळाने तिथे एक पूर्ण टर्न थांबून रस्ता केला की तो उघडतो. चित्रात दोनच अवस्था हव्यात: काम चालू असताना तुटक रेघ, पूर्ण झाल्यावर सलग. ही दोन चित्रं कच्च्या नकाशातही असू द्या, कारण त्यांच्याशिवाय खेळणाऱ्याला आपला टर्न कुठे खर्च झाला ते कळत नाही.

नकाशा सुंदर झाला, पण युनिट सापडत नाहीत. काय चुकलं?

जमीन आणि युनिट दोघंही सारख्याच जोरात बोलत आहेत. स्क्रीनशॉट घ्या, गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग पूर्ण उतरवून करडा करा आणि हातभर लांबून बघा. युनिट लगेच उठून दिसलं पाहिजे, जंगल आणि घाट वेगळे ओळखू आले पाहिजेत. नाही आले तर रंग बदलून भागणार नाही, उजेड-अंधाराचा फरक वाढवावा लागेल. जमिनीच्या छटा मधल्या पट्ट्यात ठेवा. सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ रंग युनिटसाठी राखून ठेवा.

दोन सैन्यांना लाल आणि हिरवा देऊ नका. लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष प्रत्येक गावात असतात. निळा आणि नारिंगी द्या, शिवाय निशाणाचा आकारही वेगळा ठेवा, एकीकडे चौकोन, दुसरीकडे त्रिकोण. मग फोन घेऊन भर दुपारी अंगणात उभे राहा. स्वस्त फोनचा पडदा उन्हात फिका पडतो, आणि घरात छान दिसणाऱ्या मातकट छटा तिथे एकमेकींत मिसळून जातात.

गावांची नावं तुटकी दिसतात. उपाय?

जोडाक्षरं फुटत असतील, वेलांटी भलतीकडे जात असेल, तर इंजिन देवनागरीची जुळणी करत नाही. गोडो ३ मध्ये ही सोय नव्हती, मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून आहे. बिटमॅप फाँट (अक्षरांची तयार चित्रं असलेला) वापरू नका. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता घ्या.

आकार ७२० पिक्सेलच्या पडद्यावर २८ च्या खाली नको. अक्षरांभोवती जाड कडा दिली की भ, म, घ यांची पोटं बुजतात. त्यापेक्षा नावामागे अर्धपारदर्शक पट्टी द्या. ‘अंजनगाव सुर्जी’सारखं नाव दोन षटकोनांवर पसरतं, ते दोन ओळींत मोडा आणि युनिट उभं राहतं ती मधली जागा सोडून षटकोनाच्या तळाशी बसवा.

धुकं लावलं, तरी शत्रू कुठे आहे ते कळतंच. कसं?

धुकं म्हणजे न दिसणारा भाग झाकणारा थर. त्याच्या तीन अवस्था असतात: कधीच न पाहिलेलं, पूर्वी पाहिलेलं, आत्ता दिसणारं. चित्रात त्या बहुधा बरोबर येतात, गळती नियमात असते. खेळणारा लांबच्या षटकोनावर बोट ठेवतो, वाट शोधणारा कोड लपलेल्या शत्रूला वळसा घालून रेघ काढतो, आणि वळसा बघून खेळणाऱ्याला शत्रू कळतो. वाट शोधताना खेळणाऱ्याला माहीत असलेलाच नकाशा द्या. युनिट चालताना आड काही आलं तर तिथेच थांबवा आणि उरलेली चाल बाद करा. लांब दाबल्यावर येणारी माहितीची चौकट आणि लढाईचा आवाज, हेही तपासा. पूर्वी पाहिलेल्या भागाचा उजेड साठ टक्क्यांवर आणता तेव्हा साधं वावर दाट जंगलासारखं दिसत नाही ना, तेही बघा.

फोन तापतो आणि गेम अडखळतो.

अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते, आणि फोन गरम झाला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे पाच मिनिटांची चाचणी काही सांगत नाही. अर्धा तास सलग चालवा, पाचव्या आणि तिसाव्या मिनिटाचा फ्रेमदर (दर सेकंदाला पडदा किती वेळा रंगतो तो आकडा) लिहा.

सर्वांत मोठा दोषी बहुधा हलणारं पाणी असतं. टर्नच्या गेममध्ये खेळणारा विचार करत असताना पडद्यावर काही बदलायची गरज नसते, पण लाटा हलत असल्या की प्रत्येक फ्रेम नव्याने रंगवावी लागते. लाटा बंद करा, फ्रेमदर ३० वर बांधा, गोडोत लो प्रोसेसर मोड (बदल झाला तरच पडदा रंगवणारा) चालू करा. चालीची कक्षाही दर फ्रेमला मोजू नका, युनिट निवडल्यावर एकदाच मोजा. बाराशे षटकोनांना डायक्स्ट्राची (सर्वांत कमी खर्चाची वाट शोधायची) पद्धत पुरून उरते.

दुसरा दोषी म्हणजे पूर्ण नकाशाचं एकच रंगवलेलं चित्र. ४० बाय ३० षटकोनांचा आपला नकाशा ३८७२ बाय ३४१६ पिक्सेलचा होतो. दर पिक्सेलला चार बाइट धरले तर जवळपास ५३ एमबी मेमरी एकट्या जमिनीला. त्याच टाइल १०२४ बाय १०२४ च्या एका चित्रात, म्हणजे अ‍ॅटलसमध्ये ठेवल्या तर ४ एमबीत काम होतं. प्रत्येक टाइलभोवती दोन पिक्सेलची मोकळी कड ठेवूनही त्यात ५६ टाइल बसतात. त्या कडेत टाइलचाच रंग पसरवा, पारदर्शक सोडली तर झूम करताना शेजारच्या टाइलचा रंग झिरपतो.

मोठ्या गेमचे नकाशे तर देखणे असतात, मग आम्हीच का थांबायचं?

त्यांनीही साधं रूप सोडलेलं नाही. २०१० च्या सिव्हिलायझेशन ५ मध्ये, मालिकेत पहिल्यांदा षटकोन आले तेव्हाही, एका बटणावर सपाट टू-डी नकाशा उघडण्याची सोय होती. इन्टू द ब्रीच (२०१८) हा आठ बाय आठ चौकोनांवर चालतो, आणि शत्रू पुढे काय करणार ते सगळं पटावर दिसतं. ड्वॉर्फ फोर्ट्रेस २००६ पासून निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर खेळला गेला, चित्रांची आवृत्ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर आली डिसेंबर २०२२ मध्ये. कमी ताकदीच्या फोनवर काय चालतं ते बघायचं असेल तर युनसिव्ह उघडा: सिव्हिलायझेशन ५ च्या धर्तीवरचा मुक्त स्रोत गेम, साध्या टाइल, आणि खेळ भरपूर.

थ्री-डी करू का?

पहिल्या गेमला नको. कॅमेरा फिरला की डोंगरामागचं युनिट झाकलं जातं, आणि ते सोडवण्यात महिने जातात.

चित्रकार मित्र तोवर रिकामा बसतो. त्याला काय काम द्यायचं?

षटकोनाच्या मापावर न अवलंबणारं: युनिटच्या ६४ पिक्सेलच्या काळ्या आकृत्या, निशाणं, बटणं, रंगांचा तक्ता. घोडदळ आणि तोफ निव्वळ काळ्या आकृतीवरून ओळखू येत नसतील तर रंग भरून उपयोग नाही. जमिनीच्या टाइलना हात लावू देऊ नका.

मग खरी चित्रं कधी सुरू करायची?

बाहेरच्या माणसांनी खेळलेल्या लागोपाठ तीन फेऱ्यांत नकाशाचा आकार, षटकोनाचं माप आणि भूभागांची यादी बदलावी लागली नाही, की सुरू करा. आधी आठ बाय सहा षटकोनांचा एकच तुकडा पूर्ण करा, ज्यात वावर, नदी, घाट आणि गाव सगळं येईल. त्याला किती तास लागले त्यावरून बाकीचा हिशोब बांधा. हाच तुकडा दुकानातल्या चित्रांना कामी येतो. प्ले स्टोअरला १०२४ बाय ५०० चं मुख्य चित्र आणि किमान दोन स्क्रीनशॉट लागतात, आणि लोक गेम उतरवून घेतात ते तेच बघून. म्हणून देखणेपणाला कमी लेखू नका. त्याची वेळ आली की पूर्ण जीव ओतून काढा.

आणि नकाशात भारताची बाह्य सीमा येत असेल तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. चुकीची सीमा छापणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. फक्त वऱ्हाडाचा तुकडा घेतलात तर हा प्रश्न येतच नाही.

खेळ चालू असताना वीज गेली तर?

दर टर्नच्या शेवटी आपोआप सेव्ह करा. जुन्या फाईलवर थेट लिहू नका. आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण फाईल लिहा, मग तिचं नाव बदला. लिहिता लिहिता वीज गेली तरी मागच्या टर्नची फाईल शाबूत राहते. सेव्हमध्ये रंग-चित्रांची नावं ठेवू नका, भूभागाचे क्रमांक ठेवा, म्हणजे पुढे सगळ्या टाइल बदलल्या तरी जुने डाव उघडतात.